रविवार पेठेत वर्षाचा मसाला भरताना

बेळगावातल्या वडगावात माझा मसाला कांडपाचा डंका, म्हणजे कुटायचं यंत्र, आहे. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी मला हाताशी घेतलं, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. शिमगा झाल्यापासून मृग निघेपर्यंत दारात पिशव्यांची रांग असते. पिशवीचं तोंड सोडलं की मला कळतं, कुणी रविवार पेठेत पोत्यात हात घालून माल घेतलाय आणि कुणी नुसता भाव विचारून. ओली मिरची डंक्यात कुटली जात नाही, लगदा होते. जुन्या धण्यांना कितीही भाजलं तरी वास सुटत नाही. बाई माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते, आणि त्या वेळी काहीच करता येत नाही. म्हणून बाजाराला निघायच्या आधीच हे वाचा.

पेठेत शिरल्यावर भाव सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी दोनच प्रश्न: माल कुठला, आणि कधीचा? मराठीत विचारा नाहीतर कानडीत, "एल्लीदु? यावागिंदु?" पेठेतली दुकानदार मंडळी एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कानडी आणि तिसऱ्याशी हिंदी बोलतात, तीही एकाच दमात. तुम्ही हे दोन प्रश्न विचारलेत की समोरचा माणूस ओळखतो, या बाईला माल कळतो. मग पुढचं पोतं पाय लावून बाजूला सरकतं आणि मागचं उघडतं.

कधी आणि कसं यायचं

ब्याडगीची नवी मिरची जानेवारीपासून यायला लागते. पण संक्रांतीच्या सुमाराला आलेली मिरची अंगात ओल धरून असते. मी शिवरात्र जाऊ देते. शिवरात्र ते गुढीपाडवा हा माझ्या मते खरेदीचा उत्तम काळ. नवा माल भरपूर असतो आणि पहिल्या-दुसऱ्या तोड्याची मिरची मिळते. पुढच्या तोड्यांत फळ बारीक होत जातं आणि फटकी, म्हणजे पांढरे डाग पडलेली मिरची, वाढत जाते. अक्षय तृतीयेनंतर आलात तर मिरची मिळेल, पण निवड उरत नाही. शिवाय वळीव कधी येईल आणि गच्चीवरचं वाळवण कधी भिजेल याचा नेम नसतो.

शनिवार टाळा. बेळगावचा आठवड्याचा बाजार शनिवारी असतो. त्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं आलेली असतात, दुकानदाराला तुमच्याशी बोलायला सवड नसते आणि तुम्हाला पोत्यापाशी उभं राहायला जागा नसते. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावात मिरचीचा मोठा बाजार सोमवारी आणि गुरुवारी भरतो, इथल्या दुकानदारांचं लक्ष तिकडे असतं. मी मंगळवारी किंवा शुक्रवारी जाते. आदल्या दिवशीचा तिथला भाव सगळ्यांच्या तोंडात ताजा असतो आणि कुणी उगीच चढवून सांगत नाही.

वेळ सकाळी साडेदहा-अकराची धरा. त्याआधी ट्रक, टेंपो, हातगाड्या लागलेल्या असतात, पाठीवर पोती घेऊन हमाल येत-जात असतात. ती त्यांची कामाची वेळ, त्यांच्या वाटेत उभं राहू नये. पण संध्याकाळवर ढकलू नका. मिरचीचा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही. मी मूठभर मिरची दुकानाच्या पायरीवर आणते आणि उन्हात धरून बघते. सासूबाईही असंच करायच्या. आजवर एकाही दुकानदारानं मला त्यासाठी अडवलेलं नाही.

चारचाकी पेठेत घालू नका. मध्यवर्ती बसस्थानकावरून चालत या. गोव्याहून चोर्ला घाटानं येणाऱ्यांनीही गाडी लांब लावून चालत यावं. बसस्थानकाला लागूनच किल्ला आहे. लवकर पोचलात तर आत जाऊन कमल बस्ती बघून या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं 1204 साली बांधलेलं हे जैन मंदिर, छताला दगडी कमळ. ते कमळ कोरलं जात होतं तेव्हा या गावात तिखट होतं ते मिऱ्याचं. मिरची इथे कुणी पाहिलेलीही नव्हती. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जहाजातून आणली, आणि गोवा तर आपल्या घाटाखालीच. आपल्या माणसांनी नव्या फळाला जुनंच नाव दिलं, मिऱ्यासारखी म्हणून मिरची. कानडीतही तसंच झालं. मेणसु म्हणजे मिरी, त्याला काई, म्हणजे फळ, जोडलं आणि मेणसिनकाई झाली. गोव्यात मिरसांग म्हणतात, त्यातही मिरी आहेच. मला याचं फार अप्रूप वाटतं. तीन भाषांतल्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच काम केलं.

आणखी एक. सोबत कापडी पिशव्या घ्या, निदान चार. बारीक मसाल्यांसाठी लहान डबे आणि एक पांढरा स्वच्छ रुमाल. रुमाल कशाला ते पुढे सांगते.

वासाच्या वस्तू आधी

बहुतेक जणी पेठेत शिरल्याशिरल्या मिरचीकडे जातात. तसं करू नका. मिरचीच्या पोत्यापाशी पंधरा मिनिटं उभं राहिलं की ठसका लागतो, नाक वाहायला लागतं आणि पुढचा तासभर कशाचाच वास येत नाही. ज्या वस्तू नाकानं घ्यायच्या त्या आधी घ्या.

धणे तळहातावर चोळून हुंगा. ताज्या धण्यांचा रंग हिरवट पिवळा असतो आणि वास जरा लिंबाकडे झुकतो. तपकिरी पडलेले, धूळ सुटणारे धणे मागच्या सालचे. लवंगेच्या काडीला नख लावा, तेल सुटलं पाहिजे. शंका आली तर दुकानदाराकडून पेलाभर पाणी मागा. चांगली लवंग बुडते किंवा पाण्यात उभी राहते. तेल काढून घेतलेली लवंग आडवी तरंगते. मिऱ्यांनाही हीच परीक्षा लावा. त्यात पपईचं बी मिसळलं तर ते वर येतं. हातात घेऊन पाहिलं तर पपईचं बी लांबट आणि हलकं लागतं. शिरसीकडची मिरी मिळाली तर सोडू नका, दाणा वजनदार असतो.

जायपत्री आणि रामपत्री यांत फार गल्लत होते. जायपत्री नारिंगी-पिवळी, पातळ, वासाला गोड आणि महाग. रामपत्री लालसर तपकिरी आणि वासाला मंद. मसाल्यात दोन्ही लागतात, पण जायपत्रीचे पैसे देऊन रामपत्री आणू नका. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून मागा, म्हणजे डोळ्यालाच फरक कळतो.

दगडफूल एका बाजूनं काळपट, दुसऱ्या बाजूनं पांढरट असतं. ते झाडाच्या सालीवरून आणि दगडावरून खरवडून काढतात, त्यामुळे सालीचे तुकडे आणि माती सोबत येतेच. मूठभर घेऊन कागदावर झटका. कागदावर मातीचा थर दिसला तर तुम्ही दगडफुलाच्या भावानं माती घेत आहात. कानडी दुकानात ते कल्लू हूवु म्हणून मागा, अर्थ तोच.

याच दुकानांत कधी तरी तुमच्या हातात मराठी मोग्गू पडेल. लवंगेसारखी दिसणारी, पण तिच्याहून मोठी काळपट कळी. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं आपलीच काही वस्तू असेल. घरी आणली तर सासूबाईंनीही ओळखली नाही. ती कर्नाटकातल्या बिसीबेळे भातात आणि भाजीच्या मसाल्यात जाते, आपल्या काळ्या मसाल्यात तिला जागा नाही. आमच्या पलीकडच्या घरातल्या धारवाडच्या अक्का मात्र दरवर्षी माझ्याकडून ती मागवून घेतात. नाव मराठी, वापर कानडी. बेळगावात अशा गोष्टींचं कुणाला नवल वाटत नाही.

बाकीचं चटचट सांगते. जिरे बारीक, हिरवट झाक असलेलं घ्या. हिंग खड्याचा घ्या, पुडीत पीठ जास्त असतं. हळकुंड दगडावर आपटलं की खणकन वाजलं पाहिजे आणि मोडलं की आत गडद नारिंगी दिसलं पाहिजे. सांगलीकडचं मिळतं, तेच घ्या. खोबरं तिपटूरचं मागा आणि वाटीच्या आत बोट फिरवून बघा, बुरशीचा काळा ठिपका असेल तर ती वाटी परत. खसखस थोडी जिभेवर टाका, खवट असेल तर लगेच कळतं.

आता मिरची

मसाल्याचं घर मिरचीवर उभं असतं, आणि दहातल्या सात पिशव्या मिरचीतच फसलेल्या असतात. म्हणून इथे वेळ काढा.

आमच्या बाजूला दोन मिरच्या लागतात. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी. पुण्या-मुंबईकडे जिला बेडगी म्हणतात तीच ब्याडगी. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिखट फार कमी, रंग गर्द लाल. या रंगासाठीच कारखाने तिचा अर्क काढतात. तिच्यात दोन जाती. डब्बी आखूड, जाड, पोटात भरपूर बी आणि वास उत्तम. कड्डी लांब, बारीक, बी कमी. कड्डी म्हणजे कानडीत काडी, नावातच खूण आहे. मला मसाल्याला डब्बी आवडते. रस्सा रंगीत हवा असेल तर कड्डीही चालते.

दोन्हींची साल सुरकुतलेली असते, चुण्याचुण्यांची. साल गुळगुळीत, तुकतुकीत असेल तर दुकानदार काहीही म्हणो, ती ब्याडगी नव्हे. ब्याडगीसारखी दिसणारी संकरित मिरची आता खूप येते. तिला रंग असतो, पण तो गोडसर वास नसतो.

संकेश्वरी आपल्याच जिल्ह्यातली, हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची. लांब, सडपातळ, रंगानं फिकी आणि तिखट. सीमेपलीकडे गडहिंग्लजच्या बाजारातही तिचे सौदे निघतात. आपण तिला जवारी, म्हणजे गावरान, म्हणतो. खरी जवारी थोडीच पिकते आणि भाव चढा असतो. म्हणून कुणी ब्याडगीपेक्षा स्वस्तात संकेश्वरी देत असेल तर थांबा आणि पुन्हा विचारा, कुठली?

आता हात घाला. पोत्याच्या तोंडाशी मांडलेली मिरची बघायची नाही. बाही वर करून कोपरापर्यंत हात आत घाला आणि खालची मूठ वर काढा. मूठ दाबा आणि सोडा. मिरची चुरचुरत फुलून वर आली तर बरोबर. दबून गोळा राहिली तर तिच्यात ओल आहे. दाबताच चुरा झाला तर ती जुनी. एक मिरची कानाशी धरून हलवा, बी खुळखुळलं पाहिजे. देठ बघा. नव्या मिरचीचा देठ हिरवट पिवळा असतो, जुन्याचा काळपट. शेवटी दोन-तीन मिरच्या मधोमध फाडा. बी सोनेरी हवं. आत राखाडी-काळी बुरशी दिसली तर हात झटकून पुढच्या दुकानात जा, त्या पोत्याबद्दल पुढे बोलूच नका.

ओल एवढी मनावर का घेते ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः फसले. दीर हॉस्पिटलात होते, मी धावपळीत होते, संध्याकाळी सातला पेठेत गेले. एका दुकानात लालभडक, मऊ, न मोडणारी मिरची दिसली, भावही बरा. उन्हात बघायला ऊन नव्हतं आणि मला घरी जायची घाई होती. सहा किलो घेतली. वजनासाठी तिच्यावर पाणी मारलेलं होतं. दोन दिवसांचं ऊन तिला पुरलं नाही आणि मी तिसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही. श्रावणात बरणी उघडली तर मसाल्याच्या गाठी झालेल्या आणि वास आंबूस. माझ्या घरचा आणि बहिणीच्या घरचा वर्षाचा मसाला परड्यात खड्डा खणून पुरला. दुसऱ्यांचे मसाले कांडणारी बाई मी, आणि गौरीच्या जेवणाला शेजारून वाटीभर मसाला मागून आणला. तेव्हापासून संध्याकाळी मिरची घेत नाही.

आता रुमाल. चमकणाऱ्या मिरचीवर कधी तेलाचा हात फिरवलेला असतो, कधी रंगाचा. रुमालाचं टोक जरा ओलं करून मिरचीवर घासा. तेलकट डाग किंवा लाल रंग उतरला तर ती नको. चांगल्या मिरचीवरची धूळ तेवढी रुमालाला लागते.

शीतगृहातली मिरची वाईटच असते असं नाही, रंग चांगला टिकलेला असतो. पण ती बाहेर काढल्यावर हवेतली ओल ओढते. दुकानदारानं खरं सांगितलं की ही कोल्डमधली आहे, तर घ्या, पण घरी एक दिवस ऊन जास्त द्या.

हे सगळं झाल्यावर भाव. "काय ओ मामा, कसं लावताय?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. भाव देठासकट आहे की बिनदेठाच्या मिरचीचा ते विचारून घ्या. देठ काढून आणि वाळवून पाच किलोत अर्धा ते पाऊण किलो जातं, तो हिशेब डोक्यात असू द्या. काट्यावर पिशवी ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे का बघा आणि पोत्यासकट घेत असाल तर बारदान वजा करायला सांगा. घासाघीस करा, पण तोंड बघून. तुम्ही पोतं उपसलंत, माल उन्हात नेलात, पाणी मागितलंत आणि माणसानं सगळं करू दिलं, तर किलोमागे दहा रुपयांवरून वाद घालू नका. पुढच्या वर्षी त्याच्याकडेच जायचं आहे. मी गेली पंधरा वर्षं दोनच दुकानांत जाते. आता ते स्वतःच सांगतात, "अक्का, आज घेऊ नका, परवा नवीन गाडी येतीया."

किती घ्यायची? चार माणसांच्या घराला मी वर्षाला तीन किलो मिरची सांगते. किलोला सातशे ग्रॅम ब्याडगी, तीनशे संकेश्वरी. घरात लहान मुलं असतील तर आठशे-दोनशे. किलोभर मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो खोबरं, जिरे, तीळ आणि खसखस शंभर-शंभर ग्रॅम, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडा आणि दगडफूल पंचवीस-पंचवीस, नाकेशर, बदामफूल, जायपत्री, रामपत्री दहा-दहा. कांदा-लसूण घालायचा असेल तर तो वेगळा, घरीच तळून आणायचा. प्रत्येक घराचा हात निराळा असतो. तुमच्या आजीची चिठ्ठी असेल तर माझं मोजमाप बाजूला ठेवा आणि तीच वापरा.

घरी आल्यावर मिरची त्याच दिवशी पिशवीतून मोकळी करा. सुती कापडावर पातळ पसरून तीन दिवस कडक ऊन द्या, संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. देठ वाळल्यानंतर काढा, तेव्हा ते पटकन तुटतात. हाताला आधी खोबरेल चोळा. आग झालीच तर नुसतं पाणी मारून उपयोग नाही, तेल लावून मग साबणानं धुवा. मसाले एकेक करून वेगळे भाजा. खोबरं आणि धणे एका कढईत एकदम टाकले की एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं.

डंक्यावर यायच्या आदल्या दिवशी नंबर लावा. येताना स्टीलचा रुंद तोंडाचा डबा आणा, प्लॅस्टिकचा नको. कुटलेला मसाला गरम असतो, त्यावर लगेच झाकण लावलं तर आत घाम धरतो. परातीत पसरून रात्रभर पातळ फडक्याखाली ठेवा. सकाळी हात घालून बघा, पूर्ण गार झाला असेल तरच बरणीत दाबून भरा. वर हिंगाचा खडा ठेवा आणि तोंडाला कापड बांधा.

आणि बरणीत कोरडाच चमचा घाला. एवढं एक मी पैसे देऊन निघालेल्या प्रत्येक बाईला पायरीपर्यंत जाऊन सांगते.